तिमाहीच्या टक्क्यांवरून सत्राचे टक्के कसे काढायचे?

तुमचा प्रश्न असा: पहिल्या तिमाहीत ७८ टक्के, दुसरीत ८६, सत्रान्त परीक्षा अजून व्हायची आहे. सत्राला ८० हवेत, तर परीक्षेत किती मार्क पाडावे लागतील?

आधी वेटेज बघा, म्हणजे सत्राच्या टक्क्यांत कशाचा किती वाटा आहे ते; ते कळल्याशिवाय गणित मांडूच नका. प्रत्येक तिमाहीला ४० टक्के आणि परीक्षेला २० टक्के ही पद्धत बऱ्याच ठिकाणी असते. तुमचीही तीच आहे असं धरतो.

७८ चे ४० टक्के ३१.२ आणि ८६ चे ४० टक्के ३४.४. बेरीज ६५.६. एवढे तुमच्या पदरात पडलेत. ८० ला १४.४ कमी आहेत. परीक्षेचा वाटा २० टक्के, म्हणून १४.४ ला ०.२ ने भागा. उत्तर ७२. मात्र ८५ हवे असतील तर थेट ९७ लागतील, आणि शंभरपैकी शंभर मिळाले तरी सत्र ८५.६ च्या पुढे जाणार नाही. हे परीक्षेआधी माहीत असलं की अभ्यासाचा वेळ कुठल्या विषयाला द्यायचा ते ठरवता येतं.

मी गणित शिकवतो. अगदी हेच आकडे घेऊन एक मुलगी रडवेली होऊन आली होती, ८० हुकले म्हणून. वहीत तिने ७८, ८६ आणि ७२ ची बेरीज करून तिनाने भागलं होतं: ७८.६७. मी तिला प्रत्येक आकड्याखाली त्याचं वेटेज लिहायला लावलं. नवीन उत्तर बरोब्बर ८० आलं, तरी विश्वास बसेना. तिने बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. तिघांना सारखा वाटा दिल्यामुळे २० टक्क्यांची परीक्षा ३३ टक्क्यांची होऊन बसली होती.

दुसरी चूक म्हणजे श्रेणींची सरासरी. ८० ला बी आणि ७० ला सी मिळते असं समजा. एकाचे ८९ आणि ७०, दुसऱ्याचे ८० आणि ७०. दोघांच्याही कार्डावर बी आणि सी, पण सरासरी एकाची ७९.५, दुसऱ्याची ७५. अक्षरात हा फरक दिसतच नाही. म्हणून शिक्षकांकडून टक्के मागून घ्या, आणि पूर्णांक करायचाच तर अगदी शेवटच्या ओळीत. काही शाळा मात्र नियमानेच श्रेणीचे गुणांक, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेला अंक, घेऊन सरासरी काढतात. तिथे त्यांचाच हिशोब धरावा लागतो.

काही शिक्षक तिमाह्या वेगळ्या न धरता सत्रभराचे सगळे मार्क एकत्र करतात. २०० पैकी १६० आणि ४०० पैकी ३६० म्हणजे ८० आणि ९० टक्के. तुम्ही ८५ म्हणाल, पण ६०० पैकी ५२० चे ८६.६७ होतात.

तुमच्याकडे ४५-४५-१० असेल, तर ३५.१ आणि ३८.७ मिळून ७३.८ होतात. ८० साठी परीक्षेत ६२ पुरतील.