मॅडम, मला कृतज्ञ वाटतच नाही

नोकरीला नुकत्याच लागलेल्या नर्स माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा पहिल्या भेटीत बहुतेक जणी झोपेबद्दल बोलतात. दुसऱ्या भेटीत चुकीच्या भीतीबद्दल. तिसऱ्या किंवा चौथ्या भेटीत, वेळ संपल्यावर, पर्स खांद्याला लावता लावता एक वाक्य येतं. ते इतक्या जणींकडून ऐकलंय की हल्ली मी त्याची वाटच पाहते. "मॅडम, एवढ्या धडपडीने नोकरी मिळाली, घरचे खूश आहेत, सगळे म्हणतात पुण्य लाभणारं काम आहे. मग मला कृतज्ञ का वाटत नाही? माझ्यात काही कमी आहे का?"

आज या प्रश्नावरच लिहिते आहे. खाली जी "ती" येईल, ती कुणी एक मुलगी नाही. अनेकींच्या भेटी एकत्र करून आणि ओळखीच्या सगळ्या खुणा काढून ही गोष्ट लिहिली आहे.

तिला नोकरी लागून चार महिने झाले होते. वॉर्ड मेडिसिनचा. आठवड्याचं वेळापत्रक असं, की दोन मॉर्निंग, दोन इव्हिनिंग, दोन नाइट, मग एक ऑफ, आणि त्या ऑफचा अर्धा दिवस झोपेत जायचा. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मला अहो-जाहो करू नका, मॅडम. वॉर्डात दिवसभर सिस्टर-सिस्टर ऐकते. इथे तरी तू म्हणा."

तिच्याजवळ एक वही होती. रोज रात्री पाच चांगल्या गोष्टी लिही, असं तिला एका हितचिंतकाने सांगितलं होतं. पहिल्या पानावर पाच गोष्टी होत्या. दुसऱ्यावरही पाच. तिसऱ्यावर दोन. त्यापुढे प्रत्येक पानावर तारीख होती आणि खाली काहीच नव्हतं. अशी अकरा पानं.

"रिकामं ठेवायचं होतं, तर तारीख का टाकलीस?" मी विचारलं.

"डोस चुकला की चार्टवर दिसायला हवा ना."

ही मुलगी स्वतःलाच कृतज्ञतेचे डोस देत होती आणि चुकलेल्या डोसांची नोंद ठेवत होती.

"पाच गोष्टी नाही सुचल्या, तर काय होतं?"

"सुचल्याच पाहिजेत, मॅडम. समोर असे पेशंट असतात, ज्यांना कूसही बदलता येत नाही. मी दोन पायांवर उभी आहे. तरी कुरकुरते, म्हणजे माझ्यातच खोट आहे."

मी कागदावर तिचं उत्तर लिहिलं आणि त्यातल्या दोन "च"ना गोल केला. सुचल्या"च" पाहिजेत. माझ्यात"च" खोट. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५०च्या दशकात मांडलेली विवेकनिष्ठ विचारपद्धती हा माझ्या कामाचा पाया आहे, आणि मराठीत ती समजावून सांगायला या एका अक्षराइतकं सोयीचं दुसरं काही मला सापडलेलं नाही. कृतज्ञ वाटलं तर छान, ही इच्छा झाली. कृतज्ञ वाटलंच पाहिजे, हा हुकूम झाला. भावना हुकूम ऐकत नाहीत. हुकूम मोडला की अपराधी मात्र वाटतं, आणि आधीच्या थकव्यात त्या ओझ्याची भर पडते.

दुसऱ्याच्या दुखण्याकडे बघून स्वतःला नशीबवान म्हणवून घेणं, ही कृतज्ञता मला कधीच पटलेली नाही. नर्सच्या बाबतीत तर अजिबात नाही. ज्या माणसाची कूस आपण बदलतो, त्याच्या लुळ्या पायांवर आपलं समाधान उभं करायचं, हे तिच्या कामाच्या गाभ्याशीच जुळत नाही. मी तिला हे स्पष्ट सांगितलं. तिला बरं वाटलेलं दिसलं.

पुढच्या भेटीत राग बाहेर आला. त्या आठवड्यात दोघी रजेवर होत्या आणि एका नाइटला वॉर्ड जवळजवळ एकटीवर पडला. एका नातेवाइकाने आवाज चढवला. तिने कपड्यांच्या खोलीत जाऊन दोन मिनिटं रडून घेतलं, तोंड धुतलं आणि परत आली. माणसं कमी असल्याचं लेखी द्यावंसं वाटत होतं, पण दिलं नाही.

"का?"

"नोकरीबद्दल कृतज्ञ राहायचं आणि तक्रारही करायची, हे कसं जमेल?"

ही गाठ मला फार मुलींमध्ये दिसते आणि ती सोडवल्याशिवाय मी पुढे जात नाही. मदतीला धावलेल्या एखाद्या बाईचे आभार आणि माणसं कमी होती ही तक्रार, दोन्ही एकाच रात्रीबद्दल खरं असू शकतं. एकाने दुसरं खोडलं जात नाही. रुग्णाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल, तर तो ठरलेल्या पद्धतीने लेखी कळवणं हा कामाचाच भाग आहे. कृतज्ञतेच्या नावाखाली कुणी तुम्हाला गप्प बसवत असेल, किंवा तुम्ही स्वतःच स्वतःला गप्प बसवत असाल, तर त्या भावनेला कृतज्ञता म्हणू नका. तिने ते लेखी दिलं. तिचे खांदे थोडे खाली आले.

वही मात्र कोरीच राहिली. हुकूम गेला होता, ओझं उतरलं होतं, पण त्या जागी काही उगवत नव्हतं. पाचव्या भेटीत काय विचारायचं हे मी ठरवलेलं नव्हतं. ड्युटी बदलताना पुढच्या सिस्टरला वॉर्डाची माहिती सांगतात, त्याला नर्स "ओव्हर देणं" म्हणतात. ती सरळ ड्युटीवरून आली होती, म्हणून सहज म्हटलं, "आज ओव्हर कसा दिलास? मला दे बरं, मी पुढच्या ड्युटीची सिस्टर आहे असं समज."

ती सावरून बसली. इतक्या भेटींत तिचा आवाज पहिल्यांदा असा भरदार लागला. "बेड नंबर सात, ताप एकशे दोन होता, गोळी दिली आहे, तासाने परत बघायचा. नऊ नंबरची सलाइन साडेतीनला संपेल. दहा नंबर, शुगर कमी लागली होती, डॉक्टरांना कळवलं, नंतर नॉर्मल आली. अकरा नंबर, कॅन्युलाच्या जागी सूज, हात बदलला आहे."

"आणि आठ नंबर?"

"आठ नंबर स्टेबल."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. ठीक आहेत."

"काही नाही कसं? नाइटला तू होतीस ना परवा? आठ नंबरला रात्रभर काय झालं?"

ती थांबली. मग सावकाश सांगू लागली. आठ नंबरला पक्षाघात झालेल्या आजी. पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. आजी अंगाने जड, एकटीला झेपत नाहीत. रात्री दोनला ती पलंगाजवळ उभी राहून कुणाला हाक मारावी असा विचार करत होती. तेवढ्यात शेजारच्या वॉर्डातल्या सीनियर सिस्टर आल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पलंगाच्या पलीकडे गेल्या, चादरीचं टोक धरलं, मानेनेच "चल" म्हणाल्या. कूस बदलली. त्या गेल्या. चारला परत आल्या.

"सकाळी आजींची पाठ बघितलीस?"

"हो. एकही लाल डाग नव्हता."

"चार्टवर काय लिहिलंस?"

"पोझिशन बदलली. दोन वाजता, चार वाजता."

"पलीकडून चादर कुणी धरली, ते?"

"ते चार्टवर नसतं, मॅडम."

एवढं बोलून ती गप्प झाली. मीही काही बोलले नाही. खोलीत घड्याळाचा आवाज येत होता. मग तिचे डोळे भरून आले आणि ती म्हणाली, "त्या दोनदा आल्या होत्या. मी आत्ता मोजलं."

त्या क्षणी मलाही काहीतरी उमगलं. नर्सची नजर बिघाड शोधण्यासाठी घडवलेली असते आणि तशीच घडवायला हवी. ओव्हरमध्ये बिघडलेल्या गोष्टी मिनिटभर बोलायच्या आणि सुरळीत चाललेल्या गोष्टी एका शब्दात संपवायच्या. जीव वाचवण्यासाठी ही सवय लागते. पण तीच नजर ड्युटी संपल्यावर घरी येते आणि आयुष्याचाही ओव्हर तसाच देते. काय चुकलं, काय राहिलं, कोण ओरडलं. बाकी "स्टेबल". तिच्यात खोट नव्हती. ती तिचं काम उत्तम शिकली होती. कृतज्ञता शोधायची जागा त्या "स्टेबल" शब्दाच्या मागे होती, कारण कुणीतरी दर दोन तासांनी चादर धरल्याशिवाय कुणीच स्टेबल राहत नाही.

मी तिला म्हटलं, "वहीत भावना लिहू नकोस. नर्सिंग नोट लिही. वेळ, कुणी, काय केलं. सुंदर, छान, धन्य असले शब्द नकोत. एकच नोंद."

ती हसली. "आम्हाला शिकवतात, लिहिलं नाही ते झालं नाही."

पुढच्या भेटीत आलेल्या नोंदी अशा होत्या. "सोमवार, स. ७.५०. इन्चार्ज सिस्टरनी माझी चूक बाजूला घेऊन सांगितली. सगळ्यांसमोर नाही." "मंगळवार, दु. १२.२०. शीर सापडेना. पेशंटने न सांगता दुसरा हात पुढे केला." "गुरुवार, दु. ३.१५. फार्मसीने सारख्या नावाच्या दोन औषधांवर वेगळी खूण करून पाठवली." "शनिवार. नाइट. काही नाही."

शनिवारची नोंद मला सगळ्यांत जास्त आवडली. रिकामा दिवस तिने अपराधी न वाटता रिकामा ठेवला होता. मंगळवारच्या नोंदीवर आम्ही बराच वेळ बोललो. पेशंट कधी थँक्यू म्हणत नाहीत, ही तिची जुनी खंत होती. दुखणाऱ्या माणसाकडे शब्द नसतात. त्याने एकदा टोचूनही दुसरा हात पुढे केला, याहून मोठा विश्वास तो कसा दाखवणार?

आता ज्या मुली हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. पहिल्या वर्षाचा हा धक्का नवा नाही. मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचारिका-संशोधिकेने १९७४ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं. १९८४ मध्ये पॅट्रिशिया बेनर यांनी नर्सच्या कौशल्याचे नवशिकी ते तज्ज्ञ असे पाच टप्पे सांगितले. नवशिकी नर्स नियम आठवत काम करते आणि तिचं सगळं लक्ष त्यातच खर्च होतं. चादरीचं दुसरं टोक कुणी धरलं हे दिसायला शिल्लक लक्ष लागतं. ते हळूहळू येतं. चौथ्या महिन्यात ते नसेल, तर स्वतःला कृतघ्न ठरवू नका.

रोज पाच गोष्टींचा आग्रहही सोडा. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांचा कृतज्ञतेवरचा २००३चा गाजलेला अभ्यास घ्या. त्याच्या पहिल्या प्रयोगात लोक आठवड्यातून एकदा लिहीत होते, तेही जास्तीत जास्त पाच गोष्टी. मानसशास्त्रज्ञ सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांचं समाधान वाढलं, तीनदा लिहिणाऱ्यांचं नाही. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी म्हणते, जमेल तेव्हा एक ओळ आणि ऑफच्या दिवशी एकदा वाचन. ती ओळ ओव्हर दिल्यावर, कपडे बदलण्याआधी लिहावी. घरी गेल्यावर ती राहून जाते.

नाइट संपवून आल्यावर मात्र काहीच लिहू नका, झोपा. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराची सावधता सर्वांत खाली गेलेली असते. त्या वेळी नोकरीबद्दल, स्वतःबद्दल, देवाबद्दल जे वाटेल त्यावर निकाल देऊ नका. झोप झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारून बघा.

आभार मानायचे असतील, तर नेमके माना. "तुमची खूप मदत होते" हे ऐकणाऱ्याला चिकटत नाही. "परवा रात्री दोनला तुम्ही न बोलावता आलात" हे चिकटतं. तिने त्या सीनियर सिस्टरना हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलं तुला कळलंच नाही मी आले ते."

एक गोष्ट मात्र वहीवर सोपवू नका. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, ड्युटीच्या आधी रोज रडू येत असेल, किंवा जगणं नको असे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. त्या अवस्थेत कृतज्ञतेचे सल्ले जखमेवर मीठ चोळतात. विचार तीव्र असतील, तर त्याच दिवशी कुणाला तरी सोबत घेऊन जा.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा नोकरीला दहा महिने होत आले होते. वॉर्डात एक नवी मुलगी रुजू झाली होती. तिला शीर सापडत नव्हती, हात थरथरत होते. हिने सुई स्वतःकडे घेतली नाही. फक्त ट्रे धरून शेजारी उभी राहिली. दुसऱ्या प्रयत्नात त्या मुलीला जमलं.

"हे लिहिलंस का?" मी विचारलं.

"नाही, मॅडम. ते मी केलं होतं." मग जरा थांबून म्हणाली, "तिच्या वहीत असेल. आणि नसलं तरी चालेल. पहिल्या वर्षी दिसत नाही."