दिल्लीची एर्टिगा राहू द्या, आधी ते पाकीट फोडा

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, घरी आई, बायको आणि दहावीतली मुलगी. नऊ एकर कोरडवाहू वावर होतं, त्यातलं दीड एकर वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गात गेलं आणि २२ लाखांचा मोबदला आला. दिल्लीत २०१७ ची डिझेल एर्टिगा ४ लाख ८० हजारांना मिळतेय, तशीच गाडी यवतमाळात सव्वासहा लाखांना सांगतात. दिल्लीची गाडी आणून तिला यवतमाळचा एमएच २९ नंबर घ्यायला किती खर्च येईल आणि ते परवडेल का, हा प्रश्न. आईला दर महिन्याला यवतमाळच्या मेडिकलला न्यावं लागतं. शिवाय लग्नसराईत गाडी भाड्यानं लावली तर महिन्याला पंधरा हजार सुटतात, असं मित्र म्हणतो.

पत्राच्या शेवटी हे लिहिलंय: "पैशाची काळजी नाही सर. बँकेच्या साहेबांनी एफडीसारख्या योजनेत लावून दिले आहेत. वर्षाला तीन लाख भरायचे, शेवटी डबल मिळतात. पहिला हप्ता भरला, पाकीट पण घरी आलं."

भाऊ, हे वाचलं आणि त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला, कारण हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखी गोष्ट नव्हती. पाकीट टीव्हीच्या मागं होतं, येऊन आठ-दहा दिवस झालेले, फोडलेलं नव्हतं. तुमच्या मुलीनं ते फोडून फोनवर वाचून दाखवलं. एफडी हा शब्द त्यात कुठंही नाही. ती विम्याची पॉलिसी आहे. हप्ता तीन लाख, भरायचा दहा वर्षं, आणि पैसे हातात येणार विसाव्या वर्षी. सोबत अर्जाची प्रत आहे. त्यात तुमचा व्यवसाय 'व्यापार' आणि वार्षिक उत्पन्न '१२ लाख' लिहिलंय. खाली सही तुमची.

तुमचं खरं उत्पन्न तुम्हीच पत्रात दिलंय: कापूस, सोयाबीन, तूर मिळून सगळा खर्च जाता दीड-पावणेदोन लाख. बोंडअळी आली किंवा सोयाबीन सोंगणीला पाऊस लागला की तेही नाही. पावणेदोन लाख कमावणाऱ्याला दरसाल तीन लाखांचा हप्ता! ज्यानं फॉर्म भरला त्याला ही वजाबाकी येत होती, म्हणून तर तिथं १२ लाख लिहावे लागले.

आता मोबदल्याचा हिशेब मांडू. २२ लाखांतले चार सोसायटीचं आणि सावकाराचं कर्ज फेडायला भरले. हे तुम्ही सगळ्यात शहाणपणाचं काम केलं. तीन घराच्या स्लॅबला गेले, तीन हप्त्यात. बचत खात्यात उरले बारा. त्यातून गाडी आणि तिचे कागद मिळून पावणेसहा गेले की सव्वासहा राहतात, म्हणजे आणखी दोन हप्ते. चौथ्या वर्षी हप्त्याची तारीख येईल तेव्हा खातं रिकामं आणि वावरात कापसाची पऱ्हाटी. नऊ लाख भरून पॉलिसी अर्धवट राहील आणि दारात बारा वर्षांची डिझेल गाडी उभी असेल. दीड एकराचं एवढंच उरलेलं असेल.

समजा सगळे हप्ते भरलेत. दहा वर्षांत तीस लाख भरायचे आणि विसाव्या वर्षी साठ घ्यायचे. ऐकायला डबल. पण पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं अडकतो, आणि साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्क्यांच्या किंचित वर. दारव्ह्याच्या पोस्टात किसान विकास पत्र ७.५ टक्क्यांनी ११५ महिन्यांत दुप्पट होतं, म्हणजे दहा वर्षांच्याही आत. तेच हप्ते त्या दरानं पोस्टात राहिले असते तर विसाव्या वर्षी नव्वद लाखांच्या पुढं जातात. मधले तीस लाख कुणाचे झाले, हे साहेबांना विचारा. मोबदला जमा झाला की आठवड्याच्या आत बँकेतून 'चहाला या' असा फोन येतो, हे मी रेल्वेच्या आणि समृद्धी महामार्गाच्या दोन्ही पट्ट्यांत पाहिलंय. एवढी आस्था पीक कर्ज मागायला गेल्यावर दिसत नाही.

तुमचं नशीब की मुदत अजून आहे. पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत कारण न देताही ती परत करता येते. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विम्याचे किरकोळ पैसे कापून बाकी रक्कम परत मिळते. अर्ज लेखी द्या, तो बँकेला नव्हे तर विमा कंपनीला, आणि तारखेच्या शिक्क्याची पोच घ्या. ई-मेल पाठवा, स्पीड पोस्टानंही पाठवा. पाकीट कोणत्या दिवशी आलं त्याचा पुरावा म्हणून पाकिटावरचा शिक्का जपा. साहेब म्हणतील, 'सहा महिने थांबा, मग बघू.' थांबू नका, त्यांना तीस दिवसच टाळायचे आहेत. टोलवाटोलवी झाली तर विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार करा आणि उत्पन्नाचा खोटा आकडा त्यात ठळक लिहा. ज्यांचे तीस दिवस उलटून गेलेत त्यांनी निदान डोळे मिटून दुसरा हप्ता भरू नये. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनी पहिल्या वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्ष संपल्यावर पॉलिसी सोडतानाही काही रक्कम मिळते. किती ते कंपनीकडून लेखी मागा, मग ठरवा.

आता गाडी.

दिल्लीची गाडी स्वस्त का, हे आधी समजून घ्या. २०१५ साली हरित लवादानं आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं तिथं दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना मनाई केली. त्यावर कोर्टात अजून घोळ चालूच असतो, पण आठ-नऊ वर्षांची डिझेल गाडी तिथं कुणाला नको असते. ती तुमच्याकडं येते. २०२३ च्या जुलैत यमुनेचं पाणी दिल्लीत शिरलं होतं, त्यात किती गाड्या बुडाल्या आणि पुसून-पासून विकायला निघाल्या, ते मीटर पाहून कळत नाही. मीटर तसंही मागं फिरवतात.

महाराष्ट्राचा एकरकमी रस्ता कर तुम्ही गाडी कितीला घेतली यावर ठरत नाही. गाडी नवी असताना बिलावर किती किमतीची होती आणि आज तिचं वय किती, यावर ठरतो. दहा लाखांखालच्या नव्या डिझेल गाडीला हा दर १३ टक्के आहे, म्हणजे नऊ-सव्वानऊ लाखांच्या गाडीला एक लाख वीस हजार. वयाप्रमाणे सूट जाऊन मी साठ-सत्तर हजार धरतो. नेमका आकडा पैसे देण्याआधी यवतमाळच्या आरटीओतून काढून घ्या. दिल्लीला भरलेला कर परत मिळेल असं एजंट सांगेल. तो हिशेबात शून्य धरा.

त्यावर एनओसी (ना-हरकत दाखला), नवा नंबर, नावावर करणं आणि एजंट यांचे पंधरा हजार. दोघांचं रेल्वेभाडं, मुक्काम, आणि दारव्ह्यापर्यंत साडेबाराशे किलोमीटरचं डिझेल-टोल मिळून आणखी पंधरा. गाडी पावणेसहाला पडली. इथली सव्वासहाला. उरले पन्नास हजार, आणि ते क्लच-टायरात पहिल्याच वर्षी जातील. एवढ्यासाठी कुठल्याही गॅरेजवाल्याला न दाखवता हजार किलोमीटरवरची गाडी घ्यायची?

तरी घ्यायचीच असेल तर क्रम चुकवू नका. परिवहनच्या पोर्टलवर गाडीचा नंबर टाकून कर्जाचा बोजा आणि चलान पाहा. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. मग विकणाऱ्यानं फॉर्म २८ भरून यवतमाळ आरटीओच्या नावानं एनओसी काढायची, आणि ती हातात आल्यावरच मोठी रक्कम द्यायची. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवरच्याच मालकाच्या सह्या हव्यात. 'मालक दुबईला गेला, सह्या करून ठेवल्यात' असं ऐकलं की परतीचं तिकीट काढा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते मागा. गाडी इथं आली की फॉर्म २७ भरून नवा नंबर. परराज्याचा नंबर बारा महिने चालतो हे खरं, पण नावावर करायला बारा महिने नसतात, ते पहिल्याच महिन्यात करायचं. विमाही चौदा दिवसांत तुमच्या नावावर करायला टाका. क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी जुन्या मालकाची नो-क्लेमची सूट त्याच्याकडंच राहते, गाडीबरोबर येत नाही.

लग्नसराईच्या पंधरा हजारांचं मात्र विसरा. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी भाड्यानं चालवता येत नाही. पोलिसानं सोडलं तरी अपघात झाला की विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते, गाडीत बसलेले कोण होते आणि पैसे दिले का. एक उत्तर चुकलं की क्लेम गेला. वरात उतरवून परत येताना पहाटे दोनला नेर रोडवर गाडी ठोकली तर काय होतं, ते तुमच्या मित्राला विचारा.

आईच्या फेऱ्यांचं गणित वेगळं आहे. गावातली भाड्याची गाडी एका फेरीचे सतराशे घेते असं तुम्ही फोनवर सांगितलंत. बारा फेऱ्यांचे वीस हजार. स्वतःच्या गाडीला विमा पंधरा, सर्व्हिस पंधरा, टायर-बॅटरीचे आठ, किंमत उतरण्याचे निदान पन्नास. डिझेल न टाकताच अठ्ठ्याऐंशी हजार. आईसाठी म्हणून गाडी परवडत नाही. मुलगी पुढं बसेल आणि चौघं पोहरादेवीला जाऊन याल, अशी हौस असेल तर तसं म्हणा. हौसेला माझी हरकत नाही, पण तिचं बजेट वेगळं.

पॉलिसीचे पैसे परत आले की तुमच्याकडं पंधरा लाख होतील. नऊ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत ठेवा, एका नावावर तेवढीच मर्यादा आहे. ७.४ टक्क्यांनी महिन्याला ५,५५० रुपये, वर्षाला साडेसहासष्ट हजार. गेलेलं दीड एकर तुमच्याच आकड्यांनी वर्षाला तीस हजारही देत नव्हतं. दीड लाख खरिपाच्या बियाण्या-खतासाठी बाजूला, म्हणजे कृषी केंद्राची उधारी नको आणि विकलेल्या मालाचा चुकारा लांबला तरी सावकाराचं दार नको. एक लाख दवाखान्यासाठी. उरलेल्या साडेतीन लाखांत मुलीची बारावीनंतरची फी आणि तुमची हौस दोन्ही बसवायची आहेत, ते घरात बसून ठरवा. इथल्याच एमएच पासिंगची, गावच्या मेकॅनिकनं पाहिलेली छोटी पेट्रोल गाडी दोन-अडीचमध्ये मिळते.

आणि विमाच हवा असेल तर बचत खात्यावर वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा प्रधानमंत्री जीवनज्योती विमा आजच चालू करा. मोठ्या टर्म पॉलिसीला, म्हणजे मुदतीत जीव गेला तरच पैसे देणाऱ्या विम्याला, उत्पन्नाचा कागद लागेल, तो या वेळी खरा लावा.

अर्जाची पोच मिळाली की फोटो पाठवा. गाडीचं मग बोलू.