7 बँड आले, आता खरी तयारी सुरू कर

बाय गो,

आयईएलटीएसला, म्हणजे परदेशी शिकायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेत, 7 बँड आले हे वाचून खूप बरं वाटलं, रायटिंगला पण साडेसहा म्हणजे युनिव्हर्सिटीची अट सुटली, आईला सांग पेढे इकडे पण यायला हवेत. पण सप्टेंबरपर्यंतचा सगळा वेळ व्हिसा आणि बॅगा यातच जाऊ देऊ नको, म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय, सवडीने वाच.

आयईएलटीएसच्या रायटिंगला एक तास, दोन टास्क, मोठा टास्क 250 शब्दांचा, आणि त्यात मुद्दे तुझ्याच डोक्यातले चालतात, हे कुठून आणलंस म्हणून कोणी विचारत नाही. तिथे ब्रिटनमध्ये मात्र पहिल्याच टर्ममध्ये दोन-तीन हजार शब्दांची असाइनमेंट येईल आणि जवळजवळ दर पॅरेग्राफला तोच प्रश्न, कुठून आणलंस, आणि यावर तुझं म्हणणं काय. ब्रिटनमधलं एक वर्षाचं मास्टर्स 180 क्रेडिटचं, एका क्रेडिटला साधारण 10 तासांचा अभ्यास धरतात म्हणजे झाले 1800 तास, त्यात वर्गात बसायचे तास फारच थोडे, बाकी तुझं तुलाच वाचायचं-लिहायचं असतं.

तू मराठी शाळेतून आलीस म्हणून घाबरतेस ते मला कळतं, पण तुझं इंग्रजी पुरेसं आहे गो. सवय नाहीये ती चार जणांचं वाचून, त्यांना एकमेकांसमोर उभं करून, मग आपलं मत मांडायची. आपल्याकडे परीक्षेत नोट्समधलं येतं ते सगळं उतरवायचं, पुरवण्या जोडत जायचं, आणि मत शेवटच्या दोन ओळीत आलं तर आलं. ही सवय इथेच मोडायला हवी, तिथे गेल्यावर डेडलाइनच्या गडबडीत ती मोडत नाही.

तुझ्याच गोव्यातल्या डिचोलीचं उदाहरण घे. समज प्रश्न आला, खाणी बंद झाल्याने गावांचं नुकसान झालं का, चर्चा करा. आपली मुलं पोर्तुगीज काळापासून सुरुवात करतात, मग 2012 ला सुप्रीम कोर्टाने खाणी थांबवल्या, मग 2018 ला खाणींच्या 88 लीज, म्हणजे भाडेपट्टे, रद्द झाल्या, सगळं बरोबर आणि तरी उत्तर कुठेच नाही. तिथल्या प्रोफेसरला पहिल्या पॅरेग्राफमध्येच तुझं उत्तर हवं असतं, उदाहरणार्थ ट्रकवाल्यांचं आणि नदीतून खनिज नेणाऱ्या बार्जवाल्यांचं उत्पन्न गेलं पण शेतं आणि विहिरी यांचा हिशोब धरला तर चित्र वेगळं दिसतं, आणि मग पुढचा प्रत्येक पॅरेग्राफ त्यातला एकेक भाग पुराव्यासकट उचलून धरतो. एक तरी पॅरेग्राफ तुझ्या विरुद्ध मताच्या माणसाला द्यायचा, आणि त्याचा सगळ्यात भक्कम मुद्दा घ्यायचा, लेचापेचा नाही. तुमच्या वाड्यावरच दोन्ही बाजूंची माणसं आहेत, त्यांची भांडणं तू ऐकलीयस, म्हणजे अर्धं काम तुला आधीच येतंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दात लिहिणं. समोर लेख उघडा ठेवून तीन शब्द इकडचे तिकडे केले की झालं असं समजू नको, ते तिथे प्लेजरिझममध्येच, म्हणजे उचलेगिरीतच, धरतात, खाली लेखकाचं नाव दिलं तरी वाक्य जवळजवळ तसंच असेल तर अडचण येते. असं कर, एक पॅरेग्राफ दोनदा वाच, लॅपटॉप बंद कर, आईला किंवा भावाला कोकणीत नाहीतर मराठीत सांग की हा माणूस काय म्हणतोय, सांगता आलं तरच इंग्रजीत लिही, आणि मग मूळ उघडून अर्थ बरोबर आलाय का आणि वाक्यं फार सारखी नाहीत ना ते ताडून बघ. सांगताना अडखळलीस तर समजलेलं नाही, परत वाच. आणि लेखकाचं नाव, वर्ष, पान नंबर तिथल्या तिथे लिहून ठेव, आठवड्याने तो संदर्भ शोधत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

वाचताना पहिल्या ओळीपासून डिक्शनरी घेऊन बसू नको. आधी अ‍ॅबस्ट्रॅक्ट म्हणजे सुरुवातीचा सारांश, मग इंट्रोडक्शन, मग थेट कन्क्लुजन, आणि त्यानंतर ठरव हा लेख तुझ्या कामाचा आहे का. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत सकाळी जाऊन बस आणि मोबाइल बॅगेत ठेवून सलग वाचायची सवय कर, घरी हे होत नाही, कोणी ना कोणी हाक मारतंच.

लेक्चरच्या नोट्स मराठी-इंग्रजी मिसळून घेतल्यास तरी चालतं, त्या तुझ्यासाठीच असतात.

सेमिनारला गप्प बसू नको. आदल्या रात्री एक प्रश्न लिहून ने आणि सुरुवातीलाच विचार, उशीर केला की धीर जातो. चायनीज, नायजेरियन, अरब, सगळे आपापल्या अ‍ॅक्सेंटमध्येच बोलतात. प्रोफेसर ऑफिस अवर्स, म्हणजे भेटायच्या वेळा, ठेवतात त्या विद्यार्थ्यांसाठीच, त्यामुळे आपण त्रास देतोय असं मनात आणू नको, जा आणि तुझा आराखडा दाखव. आणि एआय वापरायचं की नाही, किती, ते प्रत्येक मॉड्यूलच्या, म्हणजे विषयाच्या, हँडबुकमध्ये बघ, नियम सगळीकडे सारखे नसतात, शंका असेल तर लेखी विचार.

आता काम देते. वरचाच खाणींचा प्रश्न घे, 500 शब्द, कमीत कमी तीन सोर्स, त्यातला एक तुझ्या मताविरुद्धचा. बेकायदा खाणकामाची चौकशी केलेल्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा रिपोर्ट वाचायला घे, सगळा नको, गोव्यासंबंधीचा लागेल तेवढाच भाग. वर्ड फाइल पाठव, फोटो नको, म्हणजे मला बाजूला कॉमेंट लिहिता येतील. ग्रामरच्या चुका मी पहिल्या वेळी बघणारच नाही, फक्त उत्तर कुठल्या ओळीत आलंय ते शोधेन.