राष्ट्रीय महामार्ग ६६ वर गोव्यातल्या पर्वरीजवळ १ दिवसाची वाहनगणना नियोजनाला पुरेल का?

नाही, सलग ७ दिवस, २४ तास मोजा आणि तेही वर्षातून निदान २ वेळा. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्ते अभियंत्यांच्या संस्थेची आयआरसी ९ ही मार्गदर्शिका हेच सांगते: एक मोजणी गर्दीच्या हंगामात, दुसरी मंदीत. तिच्या लेखी हंगाम म्हणजे सुगी. गोव्यात मात्र नाताळचे पर्यटक धरा, आणि मंदी म्हणजे पावसाळा. शनिवार-रविवार वगळलात तर भाड्याच्या स्कूटरवाले बरेचसे निसटलेच म्हणून समजा! दुचाकींचा रकाना वेगळा ठेवा. सगळी वाहने एकाच मापात आणताना कार १ धरली तर ट्रक ३, दुचाकी अर्धी. फक्त एखाद्या जंक्शनच्या सिग्नलसाठी आकडे हवे असतील, तर सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत वळणवार (कुठून येऊन कुठे वळली तशी) वाहने मोजून बहुधा भागते.