गच्चीवर हॉट टब बसवून घरच्या घरी स्पा करायचा असेल तर काय पाहावं?

तुम्ही लिहिलंय की नाशिकला रो-हाऊस आहे, गच्चीवर चार जणांचा टब बसवायचाय आणि आई-वडील सत्तरीच्या आसपास आहेत. मी टब आणि पूलच्या देखभालीचं काम करतो. टबाचं मॉडेल नंतर बघा, आधी स्लॅब बघा.

चार जणांच्या टबात साधारण 1000 लिटर, म्हणजे एक टन पाणी मावतं. टबाचं वजन अडीच-तीनशे किलो, वर बसणारी माणसं. सगळं मिळून 1600 किलोच्या घरात, तेही दोन बाय दोन मीटर जागेवर. म्हणजे दर चौरस मीटरला 400 किलो. आपल्याकडच्या आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या मानकात माणसांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी धरलेला भार आहे दर चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास. यावर हमखास उत्तर येतं, "पण गच्चीवर हजार लिटरची टाकी आहेच की!" अहो, ती टाकी बहुधा जिन्याच्या डोक्यावर, बीम-कॉलमच्या आधारावर असते, मोकळ्या स्लॅबच्या मधोमध नाही. हवेचा फुगवायचा टब घेतला तरी पाण्याचं वजन तेवढंच राहतं. तेव्हा घराचे आरसीसी ड्रॉइंग (स्लॅब, बीम, कॉलमचे नकाशे) घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे जा आणि त्याच्याकडून लेखी घ्या. टबाच्या विक्रेत्याचं "काही होत नाही साहेब" इथे चालत नाही.

मला विचाराल तर टब मागच्या अंगणात, पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) करून त्यावर ठेवा. वॉटरप्रूफिंग फुटायची चिंता नाही आणि पाणी उपसायचं झालं तर उतारही मिळतो.

आता पाणी. बोअरचं पाणी जड असेल तर हीटरच्या रॉडवर गिझरसारखाच पांढरा थर चढतो. नळाचं किंवा सॉफ्टनरचं (क्षार कमी करणाऱ्या यंत्राचं) पाणी भरा. पीएच (पाण्याची आम्लता) 7.2 ते 7.8 आणि क्लोरीन निदान 3 पीपीएम, म्हणजे लिटरला 3 मिलिग्रॅम ठेवा. पाणी तपासायच्या पट्ट्या बुडवून मिनिटभरात कळतं. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडून जातं आणि 25 ते 45 अंशांत न्यूमोनिया करणारा लिजिओनेला नावाचा जिवाणू मजेत वाढतो. 1999 मध्ये नेदरलँड्समधल्या एका फुलांच्या प्रदर्शनात नुसत्या मांडून ठेवलेल्या अशाच टबाच्या तुषारांतून तो पसरला आणि तीसहून जास्त माणसं दगावली. म्हणून "पाणी स्वच्छ तर दिसतंय" यावर जाऊ नका.

आपल्या घरांतला खास शत्रू म्हणजे खोबरेल तेल. डोक्याला तेल लावून कोणी टबात उतरलं की जेट सुरू होताच फेस येतो, कडेला चिकट रेघ उमटते आणि फिल्टरच्या घड्या पिवळट पडतात. दिवाळीत तर विचारूच नका. आधी अंघोळ, मग टब, हा जपानी लोकांचा नियम घरात सक्तीचा करा. त्यासाठी टबाशेजारीच एक शॉवर, निदान नळ आणि बादली हवीच. माझ्या मते दिव्यांच्या माळा आणि बुद्धाच्या मूर्तीपेक्षा हा नळ जास्त महत्त्वाचा. बाकी सजावटीत शेजाऱ्यांच्या खिडकीकडून आडोसा, वर छप्पर आणि खाली न घसरणाऱ्या खडबडीत फरशा एवढं पुरे.

विजेचं म्हणाल तर 1000 लिटर पाणी 20 अंशांवरून 38 वर न्यायला साधारण 21 युनिट लागतात, 3 किलोवॉटच्या हीटरला सात तास. जाड झाकण घट्ट बसत असेल तर पुढे रोजचा खर्च बराच कमी होतो. टबाला स्वतंत्र लाइन, नीट अर्थिंग आणि 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) लावाच. एप्रिल-मेमध्ये हीटर बंदच ठेवा.

आई-वडिलांसाठी पाणी 37-38 अंशांवरच ठेवा. 40 च्या वर कोणासाठीच नको. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. गरम पाण्यातून झटकन उठलं की रक्तदाब उतरून भोवळ येते, म्हणून ते एकटे असताना टब नको. शिवाय टबाची भिंत जवळपास 90 सेंटीमीटर उंच असते. पायरी आणि धरायला दांडा लागेलच, पण पैसे भरण्याआधी दोघांना शोरूममध्ये न्या आणि कोरड्या टबात चढून-उतरून बघायला सांगा. गुडघे नाही म्हणाले तर आत बसायला पायऱ्या असलेलं, जमिनीत बांधलेलं छोटं कुंडच करून घ्या.