लंगडणे थांबले, पण कंडरा अजून जुळायची आहे

प्रश्न : आमची सात वर्षांची काठेवाडी घोडी चंद्रा शिंगरू असल्यापासून आमच्याच दारात वाढली आहे. वडील तिला वरातीत नेतात आणि हलगीच्या तालावर ती उत्तम नाचते. श्रावणात एका रात्री दोर तुटून ती कालव्याच्या चारीत घसरली. पुढच्या डाव्या पायाच्या मागील बाजूस मोठी जखम झाली आणि आतील कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, अर्धवट तुटली. डॉक्टरांनी टाके घातले, धनुर्वाताची लस दिली आणि सोनोग्राफी करून सांगितले, की कंडरेचा साधारण चौथा हिस्सा फाटला आहे. आता दोन महिने झाले. जखम भरली, सूज उतरली आणि चालताना ती लंगडत नाही. दिवसभर बांधून ठेवल्यामुळे ती भिंतीला लाथा मारते. तिला रानात मोकळे सोडावे, असे वडिलांचे मत आहे, तर पाय डागून घ्यावा, असा चुलत्यांचा आग्रह आहे. तुळशीच्या लग्नानंतरच्या दोन वरातींची सुपारीही घेतलेली आहे. आम्ही काय करावे? (एक वाचक, फलटण तालुका)

उत्तर : सुपारी परत करावी, हे पहिल्यांदा सांगतो, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. घोडी लंगडत नाही याचा अर्थ वेदना थांबली एवढाच आहे. कंडरा जुळली असा त्याचा अर्थ होत नाही. फाटलेल्या जागी पहिल्या काही आठवड्यांत जो नवा तंतू भरतो, तो कच्चा आणि अस्ताव्यस्त असतो. त्याचे तंतू पायाच्या ओढीच्या दिशेने सरळ रांगेत बसायला आणि त्यांना बळकटी यायला नऊ ते बारा महिने लागतात, आणि तेव्हाही मूळचा लवचीकपणा पूर्णपणे परत येत नाही. या मधल्या काळात घोडी एकदा चौखूर उधळली, तरी पहिल्यापेक्षा मोठी चीर पडू शकते. वरातीत तर ती मागच्या पायांवर उभी राहून पुढच्या पायांवर आदळते, म्हणजे सगळा भार नेमक्या याच कंडरेवर येतो. शिवाय, जखमेमुळे किंवा दुखण्यामुळे कामास अपात्र असलेल्या जनावराकडून काम करून घेणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० प्रमाणे गुन्हा आहे. पुढच्या वर्षीच्या तुळशीच्या लग्नापर्यंत ती उभी राहावी, असे उद्दिष्ट ठेवले तर ते वास्तवाला धरून होईल.

वडिलांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. संपूर्ण विश्रांतीचा काळ आता संपत आला आहे आणि ओढ मिळाल्याशिवाय तंतू सरळ होत नाहीत. मात्र ती ओढ मोजूनमापून द्यावी लागते आणि रानात सोडलेली घोडी ती मोजत नाही. डॉक्टरांना पाय पुन्हा दाखवून त्यांची संमती मिळाली, की लगाम घालून सपाट, टणक वाटेवर सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालवावे. नांगरट, वाळू आणि चिखल पूर्ण टाळावा. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत अर्ध्या तासापर्यंत न्यावे आणि तिथे थांबून पुन्हा सोनोग्राफी करावी. त्या चित्रात फट भरताना दिसली तरच पाठीवर माणूस घेऊन चालणे, त्यानंतर सरळ रेषेत दोन-तीन मिनिटांची दुडकी, आणि सहा महिने उलटल्यावर सावकाश धावणे, असा क्रम ठेवावा. वर्तुळात फिरवण्याची घाई करू नये, कारण वळताना आतल्या पायावर जादा ताण येतो. सोनोग्राफीसाठी शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळचे आहे. जाण्याआधी फोन करून चौकशी करावी, आणि वाहनातून नेताना पायाला डॉक्टरांकडूनच पट्टी बांधून घ्यावी. आणखी एक गोष्ट : चालवण्याच्या वेळी आसपास कुठे हलगी वाजत असेल, तर त्या दिवशी तिला बाहेर काढू नये. शिकवलेली घोडी ताल ऐकला की पाय उचलते. तिला आपल्या दुखण्याची आठवण नसते.

रोज सकाळी चालवण्यापूर्वी पाय तपासायची सवय लावून घ्यावी. प्रथम पायावर भार असताना गुडघ्याखालच्या नळीच्या मागील बाजूवर हाताची पालथी बाजू ठेवून दोन्ही पायांची ऊब ताडून पाहावी. मग पाय उचलून गुडघ्यात दुमडावा आणि अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत कंडरा धरून वरपासून खालपर्यंत हात फिरवावा. निरोगी पायात ती ताठ, काठ स्पष्ट असलेल्या दोरीसारखी लागते. दुखऱ्या पायात जाडी जाणवेलच. ती जाडी महत्त्वाची नाही, कालच्यापेक्षा आज ती वाढली का, एखाद्या बिंदूवर दाबताच घोडी पाय ओढून घेते का, हे महत्त्वाचे आहे. तसे झाल्यास चालवणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना कळवावे. वेदनाशामक औषध देऊन मात्र चालवू नये. त्याने इशारा दडपला जातो, आणि ही औषधे फार दिवस चालली तर जठर व मूत्रपिंडांनाही अपाय करतात.

डागण्याविषयी स्पष्ट लिहितो : डागू नका. ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठातील संशोधकांनी घोड्यांच्या कंडरांचा दीर्घ अभ्यास करून १९८३ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत डागण्याने कंडरा लवकर किंवा अधिक चांगली जुळत असल्याचे आढळले नाही. डागलेला घोडा बरा झाल्याचे जे दाखले चुलते देत असतील, त्यांत गुण त्या सक्तीच्या विश्रांतीचा असतो. ती विश्रांती चंद्राला भाजल्याशिवायही देता येते.

भिंतीला लाथा मारण्याचे कारण बहुधा अगाडी-पिछाडीत आहे. तिला बांधून न ठेवता साधारण बारा फूट लांब आणि तेवढ्याच रुंद अशा बंदिस्त जागेत, खाली कोरड्या गवताचा जाड थर घालून, सुटे ठेवावे, म्हणजे ती हव्या त्या पायावर भार टाकू शकेल आणि आडवीही होऊ शकेल. घोडा कळपाचा प्राणी आहे. दुसरे घोडे नसेल तर शेळी नजरेसमोर बांधली, तरी फरक पडतो. रोजचा खरारा चुकवू नये. चंदी मात्र निम्म्याहून कमी करावी, कारण काम नसताना मिळणारा हरभरा तिच्या अंगात नको तेवढा जोश आणतो आणि खुरांनाही बाधतो. त्याऐवजी वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला पाच ते सात किलो, कोरडे गवत आणि कडबा दिवसभरात विभागून द्यावा, पाणी सतत समोर असावे आणि लिदेवर लक्ष ठेवावे. हालचाल एकाएकी थांबलेल्या घोड्याला पोटशुळाचा धोका असतो. लीद कोरडी पडली किंवा नेहमीपेक्षा कमी झाली, तर वाट पाहू नये.

आपण सगळे दुखऱ्या पायाकडे पाहत असतो, तेव्हा उजवा पाय जादा ओझे वाहत असतो, हेही ध्यानात ठेवावे. त्याचा खूर गरम लागणे, टापेच्या वरच्या सांध्यामागे बोट ठेवल्यावर नाडी ठणठण उडणे, घोडी सारखी पाय बदलणे, ही लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतील जोड सुटू लागल्याची लक्षणे आहेत. नालबंदाला दर सहा आठवड्यांनी बोलावून पुढच्या दोन्ही खुरांची टोके लांबू देऊ नयेत.

प्रश्न : गाय-बैलांचे मोडलेले हाड जुळते, मग घोड्याचा पाय मोडला की त्याला दयामरणच का देतात? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नेहमीच देत नाहीत. हाडाचा बारीक तुकडा निघणे किंवा नुसती चीर जाणे यांतून अनेक घोडी बरी होतात, आणि शिंगरे व लहान चणीची तट्टे यांच्या बाबतीत आशा अधिक असते. मोठ्या घोड्याच्या गुडघ्याखाली मात्र मांस जवळजवळ नसते, त्यामुळे हाडाला रक्तपुरवठा कमी पडतो, तुकडे सहज कातडी फाडून बाहेर येतात, आणि गाईसारखा तो दिवसचे दिवस निवांत बसूनही राहत नाही. अमेरिकेत २००६ साली केंटकी डर्बी जिंकलेल्या बार्बारो या घोड्याचा मागचा उजवा पाय पुढच्याच मोठ्या शर्यतीत मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात धातूची पट्टी आणि २७ स्क्रू बसवून ते हाड बऱ्याच अंशी जुळवण्यात आले. परंतु मागच्या डाव्या पायाला लॅमिनायटिस झाला, नंतर पुढच्या पायांनाही तो जडला आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण द्यावे लागले. खर्चाची आणि कौशल्याची तिथे काहीच उणीव नव्हती. म्हणून निर्णय घेताना हाड जुळेल का, याइतकेच उरलेले तीन पाय तोवर तग धरतील का, हेही डॉक्टर पाहतात. मोड झाल्याची शंका आली, तर घोड्याला एक पाऊलही चालवू नये. जागच्या जागी शांत उभे ठेवून डॉक्टर येईपर्यंत, शक्य असल्यास, जाड कापसाची पट्टी आणि दोन बाजूंनी लाकडी पट्ट्या बांधून पाय स्थिर ठेवावा.