बाई, इंच तिरके असतात

प्रश्न : मी 67 वर्षांची निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार वाई. माझ्याकडे 2014 साली घेतलेला सात इंची टॅब होता. जुनी मराठी पुस्तकं पीडीएफमध्ये उतरवून घ्यायची आणि दुपारी पडल्या पडल्या वाचायची, हा माझा नेम. पावसाळ्यात लेकीकडे राहून आले, तर टॅब चालूच होईना. मुलाने 6.7 इंची फोन आणून दिला आणि म्हणाला, “आई, सात आणि पावणेसातात फरक तो किती? लहान टॅबचे दिवस गेले आता.” हिशेब पटतो, पण दोन पानं वाचली की डोळे दुखायला लागतात. चूक डोळ्यांची की हिशेबाची? नवा लहान टॅब घ्यावा का?

उत्तर : बाई, डोळ्यांचं डॉक्टर सांगतील, पण हिशेब चुकलाय हे मी दुकानात बसल्या बसल्या सांगतो. फोन असो, टॅब असो, टीव्ही असो, इंच मोजतात ते तिरके, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. आजचा फोन काकडीसारखा, जुना टॅब पाटीसारखा. कर्ण जवळपास सारखा असला म्हणून जागा सारखी होत नाही. हे तुम्ही मुलांना शिकवलंच असेल, फक्त स्वतःच्या मुलाला सांगायचं राहिलं.

साताऱ्यात वीस वर्षं मोबाइल दुरुस्त करतोय, काउंटरखाली एक लोखंडी पट्टी कायम पडलेली असते. तुमचं पत्र आल्यावर ती काढली. 6.7 इंची फोनचा पडदा 15.5 सेंटिमीटर उंच आणि 7 सेंटिमीटर रुंद. जुना सात इंची टॅब 15.1 उंच आणि 9.4 रुंद. म्हणजे उंचीला फोनच चार केस वरचढ! मार खातो तो रुंदीत. क्षेत्रफळ काढलं तर फोन त्या टॅबच्या तीनचतुर्थांश भरतो. आता दुकानात मिळतात ते 8.7 इंची टॅब 19 बाय 11.3 सेंटिमीटर, म्हणजे फोनच्या जवळजवळ दुप्पट.

वाचनात रुंदीच का महत्त्वाची, ते तुमच्या पुस्तकांवरूनच बघू. मराठी कथा-कादंबऱ्या बहुतेक डेमी आकारात निघतात, साडेपाच बाय साडेआठ इंच, म्हणजे पान साधारण 14 सेंटिमीटर रुंद. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे त्या पानाचा फोटो. फोटोतला मजकूर मोडून खाली घेता येत नाही, पानच्या पान बारीक होतं. 14 सेंटिमीटरचं पान 7 सेंटिमीटरच्या फोनवर बसवलं की बरोबर निम्मं. पॉइंट म्हणजे छापील अक्षराचं माप; बारा पॉइंटचा टाइप सहा पॉइंटचा झाला! औषधाच्या डबीतली ती घडीची चिठ्ठी असते ना, तसा. तुमच्या जुन्या टॅबवर तोच टाइप आठ पॉइंटचा दिसायचा. 8.7 इंचीवर तो दहाच्या जवळ जातो, आणि वाचायच्या अ‍ॅपमध्ये कोरे समास कापायची सोय असेल तर छापील पुस्तकाएवढा होतो.

त्यात आपली लिपी. वर रफार, अनुस्वार, वेलांटी. खाली उकार, पाय मोडलेली अक्षरं. ओळीच्या वरही कारभार, खालीही कारभार. सहा पॉइंटला जुन्या छपाईचा ‘घ’ आणि ‘ध’ सारखेच दिसतात, ‘भ’ आणि ‘म’ तर विचारूच नका. मग मेंदू अंदाजाने वाचायला लागतो आणि डोळे शिणतात.

“फोन आडवा धर ना,” असं तुमचा मुलगा म्हणेलच. म्हणू द्या. आडव्या फोनवर अक्षर मोठं होतं, पण पान साडेतीन तुकड्यांत दिसतं. वाक्य अर्ध्यावर आलं की बोटाने ढकला, जास्त गेलं की मागे ओढा. विहिरीतून तांब्याने पाणी काढल्यासारखं ते वाचन.

मुलाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. ईबुक म्हणून विकत मिळतात ती पुस्तकं स्कॅन नसतात. त्यात अक्षर हवं तेवढं मोठं करा, ओळी आपोआप पुन्हा रचल्या जातात. मराठी विश्वकोश संकेतस्थळावर तसाच आहे, साधा मजकूर. एवढंच वाचायचं असेल तर फोन पुरतो, टॅबवर एक रुपया घालू नका. पण महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावर जी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात ती पीडीएफ असतात. तुमचं दुपारचं वाचन त्यातलं दिसतंय.

लहान टॅबचे दिवस गेले असं मुलगा म्हणतो, त्यात तथ्य नाही असं नाही. 2010 मध्ये सॅमसंगने सात इंची टॅब काढला तेव्हा अ‍ॅपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज जाहीरपणे म्हणाले होते की हे टॅब जन्मतःच मेलेले आहेत, आणि वापरणाऱ्याला बोटं घासून बारीक करायला सोबत सॅण्डपेपर द्यावा लागेल. पुढच्या वर्षी ते गेले आणि 2012 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच अ‍ॅपलने 7.9 इंची आयपॅड मिनी जाहीर केला. त्याच वर्षी गूगलचा नेक्सस 7 आला, 199 डॉलरचा. आपल्याकडे त्याआधी 2011 मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ आणला होता, तोही सात इंची. त्या काळात आयफोनचा पडदा साडेतीन ते चार इंचांचा असायचा हे लक्षात घ्या. चारच्या शेजारी सात म्हणजे मोठी उडी होती. पुढे फोनच फुगत गेले आणि सात इंची टॅब मधल्यामध्ये चेपला. आता सात इंची चांगला टॅब शोधू नका. लहान म्हणजे आठ ते पावणेनऊ इंच, असं धरून चाला.

त्यात ठळक दोन. सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए9, 8.7 इंची, 2023 च्या ऑक्टोबरमध्ये 12,999 रुपयांपासून आला, वजन 332 ग्रॅम. दुसरा आयपॅड मिनी, 8.3 इंची, 293 ग्रॅम. 2024 मध्ये आला तेव्हा सुरुवातच 49,900 ला होती. निवृत्तिवेतनातून नुसत्या वाचनासाठी दुसरा घ्या असं मी म्हणणार नाही. पण स्वस्तात एक मेख आहे. 2013 च्या नेक्सस 7 चा पडदा 1920 बाय 1200 ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलांचा होता. दहा वर्षांनी आलेला ए9 आकाराने मोठा आणि ठिपके 1340 बाय 800. इंचाला 323 होते तिथे 179. सिनेमा बघताना कळत नाही. बारीक जोडाक्षर आलं की कडा दातेरी दिसते. काहींना खुपते, काहींना पत्ताही लागत नाही. म्हणून तुमच्या संग्रहातली सगळ्यात वाईट स्कॅन केलेली पीडीएफ फोनमध्ये घेऊन दुकानात जा, तिथल्या टॅबवर पाठवा आणि दहा मिनिटं वाचा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे, त्याला पैसे त्याचेच मिळतात. रॅम 4 जीबीच्या खाली नको, आणि मेमरी कार्डाची खाच आहे ना, ते बघून घ्या.

मोठाच का नको, असं वाटेल. आमच्या घरी अकरा इंची आणला होता, जवळपास अर्धा किलोचा. मंडळी पहिल्या दुपारी आडव्या होऊन वाचायला गेल्या, डुलकी लागली आणि टॅब नाकावर. दुसऱ्या आठवड्यात तो ओट्याशेजारी स्टँडवर उभा राहिला तो आजतागायत तिथेच आहे. कुकरच्या शिट्ट्यांबरोबर त्याच्यावर मालिका चालतात. वाचायचं यंत्र एका हातात पेललं पाहिजे.

सिमकार्डवाला घेऊ नका. वाय-फाय नसेल तेव्हा फोनचा हॉटस्पॉट लावायचा, पुस्तक उतरवायचं, बंद करायचा. बँकेला जोडलेलं सिम त्यात नसलं की यूपीआय सुरू होत नाही, ओटीपी येत नाही, “मी बँकेतून बोलतोय”वाल्यांचा फोन येत नाही. माझ्या गिऱ्हाइकांत साठी ओलांडलेले बरेच आहेत. टॅब घेतल्यावर त्यांच्यातले निम्मे एकच सांगतात, हा वाजत नाही. व्हॉट्सअ‍ॅप त्यालाही जोडता येतं. जोडू नका.

आता धंद्याच्या विरुद्ध जाऊन सांगतो. नवा घेण्याआधी जुना एकदा बघा. दुकानात फोन येतात ते काच फुटून, टॅब येतात ते कपाटातून. लेकीकडे जाताना तो चार्ज न करता तसाच ठेवला होतात ना? बॅटरी फार खाली गेली की आतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं, मग बटण दाबून काही होत नाही. आधी तो टेबलावर पालथा ठेवून पाठ बघा. कुठे फुगवटा दिसला, काच उचललेली वाटली, तर चार्जरला हात लावू नका, दाबून बसवायला जाऊ नका, जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे न्या. पाठ सपाट असेल तर चांगली केबल लावून दोन तास नुसता पडू द्या. पडदा काळा राहिला तरी काढू नका. बरेच टॅब असे जागे झालेले मी पाहिलेत. आणि जुना झाला म्हणून काय बिघडलं? नवी अ‍ॅपं त्यावर चालणार नाहीत, बँकेचं काम त्यावर करूही नका. मेमरी कार्डावरची पीडीएफ उघडायला त्याला जगाची खबर असायची गरज नाही. पडदाच गेला असेल तर मात्र सोडा. जुन्या टॅबचा कॉम्बो, म्हणजे काच आणि पडदा जोडलेला सुटा भाग, शोधावा लागतो, आणि मिळाला तरी टॅबच्या निम्म्या किमतीच्या आसपास जातो.

प्रश्न : आमचं भजनी मंडळ आहे, फलटण तालुक्यात. वह्या जीर्ण झाल्या म्हणून अभंगांचे फोटो काढून मोबाइल पेटीवर ठेवतो. ऐन रंगात स्क्रीन विझते, नाहीतर फोन येतो. टॅब घ्यायचा ठरलं आहे. आठ इंची की दहा इंची?

उत्तर : बुवा, आठच्या आसपासचा. पेटीच्या वरच्या फळीवर जागा बेताची, आणि डावा हात भात्यावर जायला वाट लागते. दहा इंची तिरका उभा केला की कोपर त्याला लागतं, आणि एखाद्या द्रुत गजरात तो पखवाजावर जाऊन पडतो. आमच्या आळीत पडलाय.

फोटो मात्र ठेवू नका, अभंग टाइप करून घ्या. मंडळात एखादं कॉलेजचं पोरगं असेलच. मोठ्या अभंगाचे चरण सहा-सहा-सहा-चार अक्षरांचे. दोन चरण मिळून बारा अक्षरं एका ओळीत आली पाहिजेत आणि बैठकीवरून, हातभर अंतरावरून दिसली पाहिजेत. फोनच्या सात सेंटिमीटरांत एवढं मोठं अक्षर घेतलं की चरण मधेच तुटतो आणि नवशिक्या टाळकरी तिथेच श्वास घेतो. अकरा सेंटिमीटरांत तुटत नाही. सेटिंगमध्ये पडदा विझायची वेळ वाढवा. मंदिराच्या अंगणात बसत असाल तर काळी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरं ठेवा. पांढऱ्या पडद्यावर पावसाळ्यात किडे असे जमतात की अनुस्वार कुठला आणि किडा कुठला कळत नाही.

प्रश्न : मुलगा आठवीत आहे. बालभारतीची पुस्तकं लहान टॅबवर वाचू शकेल का? दप्तराचं ओझं कमी होईल.

उत्तर : ताई, नाही. ती पुस्तकं डेमीपेक्षा बरीच मोठी, चित्रं-तक्ते-चौकटींनी भरलेली. बालभारतीच्या पीडीएफ फुकट मिळतात, पण त्या आठ-नऊ इंचांवर वाचायच्या म्हणजे पुन्हा चिमटीने मोठं-लहान करणं आलं. छापील पुस्तकच बरं. त्यावर पेन्सिलने खुणाही करता येतात आणि ते चार्ज करावं लागत नाही. ओझ्याचं शाळेशी बोला.

प्रश्न : घडीचा फोन घेतला तर फोन आणि टॅब दोन्ही होतील ना?

उत्तर : होतील. सॅमसंगचा फोल्ड 6 उघडल्यावर 7.6 इंची होतो, आणि 2024 मध्ये तो 1,64,999 रुपयांना आला. त्या पैशात बरा फोन येतो, वरच्या बाईंसाठी टॅब येतो, बुवांच्या मंडळाला एक येतो आणि उरलेल्यात नवी पेटीसुद्धा येते. तुमच्याकडे तेवढे असतील तर खुशाल घ्या. फक्त घडीत वाळू जाऊ देऊ नका, आणि आतला पडदा गेला तर माझ्याकडे आणू नका. एवढा महाग पडदा उघडायला माझा हात थरथरतो.